गोदावरीचा दक्षिण तीर, क्वीन्स

आमच्या घरचा गणपती वर्षातले अकरा महिने कपाटात असतो. वरच्या फळीवर, हिवाळी कोटांच्या मागे, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात. मूर्ती पेणची. पंचवीस वर्षांपूर्वी आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून, सुटकेसच्या मधोमध ठेवून आणलेली. पहिल्याच वर्षी प्रश्न पडला, विसर्जन कुठे करायचं? अपार्टमेंटच्या जवळ पाणी म्हणावं असं काही नव्हतं, आणि जे होतं त्यात काही टाकलं तर दंड. शेवटी नवऱ्यानं तोड काढली: पूजा मूर्तीची, विसर्जन सुपारीचं, तेही बादलीत. मूर्ती पुन्हा साडीत, साडी खोक्यात, खोकं कोटांच्या मागे. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायचं आणि कपाटाचं दार लावायचं.

पूजा सांगायला गुरुजी असतात, पण कॅसेटमधले. पुढे ते सीडीत गेले, आता मोबाइलमध्ये आहेत. आवाज मात्र तोच, थोडा अनुनासिक, मध्येच ‘पळीभर पाणी सोडावे’ असं सांगणारा. आणि दरवर्षी संकल्पाच्या वेळी ते सांगतात की आम्ही भरतवर्षात, भरतखंडात, जंबुद्वीपात, दंडकारण्य देशात, ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ बसलो आहोत. आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात तिसऱ्या मजल्यावर, रेडिएटरशेजारी पाट मांडून बसलेलो. पंचवीस वर्षं मी मान डोलवून पाणी सोडत आले. त्यात काही खटकलं नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. इथे आपण आलोय ते चार दिवसांसाठी. पत्ता गोदावरीचाच.

हे सगळं खटकलं ते क्वीन्समधल्याच फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात. तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा देव बघायला नाही, डोसा खायला गेले होते. देवळाच्या तळघरात कँटीन आहे आणि न्यूयॉर्कच्या खवय्यांत ते देवळाइतकंच प्रसिद्ध आहे. वर श्री महावल्लभ गणपती, खाली कागदी बशीत डोसा. आधी खाली गेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यातलीच मी एक.

पण ते देऊळ नीट पाहायचं तर थेट दारात उतरू नये. सात नंबरच्या गाडीनं शेवटच्या स्टेशनावर, मेन स्ट्रीटला उतरावं, चिनी भाजीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढावी आणि बाउन स्ट्रीटच्या उत्तरेकडच्या टोकाला जावं. तिथे एक बसकं, जुनाट लाकडी घर आहे. जॉन बाउन नावाच्या इंग्रज माणसानं ते १६६१ साली बांधायला घेतलं. रस्त्याला नाव त्याचंच. तिथून दक्षिणेला मैलभर चालत गेलं की गणपतीचं गोपुर दिसतं. मी हा रस्ता आता इतक्या वेळा चालले आहे की तो मला देवळाच्या सभामंडपासारखाच वाटतो. गाभारा दिसायच्या आधी तो ओलांडावाच लागतो.

त्या काळी हा मुलूख डचांचा होता आणि गव्हर्नर होता पीटर स्टायव्हसंट. लाकडी पायाचा आणि करड्या शिस्तीचा माणूस. डच रिफॉर्म्ड चर्चखेरीज कोणी जाहीर उपासना केलेली त्याला खपत नसे. क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवर तर त्याचा विशेष राग. क्वेकरांना कोणी घरात थारा दिला तर दंड, असं त्यानं फर्मान काढलं. त्यावर २७ डिसेंबर १६५७ला फ्लशिंगच्या तीसेक रहिवाशांनी एका अर्जावर सह्या केल्या: हे फर्मान आम्हांला पाळता येणार नाही. गंमत अशी की सह्या करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता. अर्ज लिहिला एडवर्ड हार्ट नावाच्या गावच्या कारकुनानं. त्यात असं म्हटलंय की ज्यू, तुर्क आणि इजिप्शियन हीसुद्धा आदमचीच लेकरं, प्रेम आणि स्वातंत्र्य त्यांनाही लागू. हार्टला त्यापायी तुरुंगात जावं लागलं. कारकुनांची स्मारकं कोणी उभारत नाही, म्हणून त्याचं नाव इथे मुद्दाम लिहिते.

मी मनाशी सालं लावून पाहते. १६५७ म्हणजे पुरंदरावर शंभूराजांचा जन्म झाला ते वर्ष. तेव्हा वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. ती त्यांची पूर्वेकडची कंपनी. इथला कारभार होता पश्चिमेकडच्या कंपनीचा. म्हणजे ज्यांचे भाऊबंद कोकणात आपल्याशी व्यापार करत होते, ते इथे कोणी कोणत्या देवाला हात जोडायचे ते ठरवत होते. हिंदूंचा त्या अर्जात उल्लेख नाही. कसा असेल? फ्लशिंगच्या शेतकऱ्याच्या कल्पनेची धाव इजिप्तपर्यंत गेली हेच खूप झालं.

जॉन बाउननं मात्र अर्जावर थांबण्याऐवजी आपल्या घरात क्वेकरांना सभा घेऊ दिल्या. स्वयंपाकघरात, असं सांगतात. १६६२ साली त्याला धरलं. त्यानं दंड भरायला नकार दिला, तेव्हा त्याला मुलखाबाहेर काढून हॉलंडला पाठवलं. तिथे त्यानं थेट कंपनीच्या वरिष्ठांपुढे आपली बाजू मांडली. १६६३ साली वरिष्ठांनी स्टायव्हसंटला लिहिलं की लोकांच्या सदसद्विवेकावर जबरदस्ती करू नकोस. त्यात उदारपणा किती आणि धंद्याची गणितं किती, हा भाग वेगळा. ओसाड मुलखात वस्ती वाढवायची तर येणाऱ्याला ‘तुझा देव कोणता’ विचारून चालत नाही. बाउन १६६४ साली परत आला, आणि त्याच वर्षी डचांचं राज्य जाऊन इंग्रजांचं आलं.

त्या घरापासून निघालं की वाटेत काय काय लागतं! विटांचं जुनं चर्च, कोरियन अक्षरांतल्या पाट्यांची चर्चं, हाताशी गुरुद्वारा, आणि स्वामिनारायणाचं मंदिर. ते १९७४ सालचं आहे, त्यामुळे अमेरिकेतलं पहिलं हिंदू मंदिर कुठलं ह्या वादाला ह्या एकाच रस्त्यावर दोन दावेदार मिळतात. तिसरं पिट्सबर्गच्या पेन हिल्सचं श्री वेंकटेश्वर मंदिर; त्याचा महाकुंभाभिषेक, म्हणजे प्रतिष्ठापनेचा सोहळा, जून १९७७मध्ये, आमच्या गणपतीचा ४ जुलै १९७७ला. एका महिन्याचा फरक. त्यात सॅन फ्रान्सिस्कोची वेदांत सोसायटी म्हणते, आमचं मंदिर १९०६चं, बसा आता. पहिला सार्वजनिक गणपती १८९२ला भाऊ रंगारींचा की १८९३ला टिळकांचा, ह्यावर पुण्यात अजून तावातावानं बोलणाऱ्यांना हा वाद समजावून सांगावा लागणार नाही.

मला त्या वादापेक्षा १९७० ते १९७७ ही मधली वर्षं जास्त ओढतात.

१९६५ पर्यंत भारतातून इथे येणं जवळजवळ अशक्य होतं. १९२३ साली भगतसिंग थिंद नावाच्या शीख माणसाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की हिंदुस्थानी माणूस इथला नागरिक होऊ शकत नाही. १९४६मध्ये दार किलकिलं झालं: वर्षाला शंभर माणसं. एवढ्या मोठ्या देशातून शंभर. मग १९६५चा कायदा आला आणि डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ यायला लागले. ही माणसं मजूर म्हणून आली नव्हती. बोटीत घालून कोणी त्यांना उसाच्या मळ्यावर आणून सोडलं नव्हतं. तरी एका बाबतीत तीही सगळ्या स्थलांतरितांसारखीच होती. ‘पाच वर्षं काम करू, पैसे साठवू, परत जाऊ.’ आमच्या आधीच्या पिढीतलं एकही मराठी घर मला माहीत नाही, जिथे हे वाक्य बोललं गेलं नाही.

अशा वेळी, २६ जानेवारी १९७०ला, न्यूयॉर्कमधल्या काही मंडळींनी एक संस्था नोंदवली. त्यांतले पुढाकार घेणारे अळगप्पा अळगप्पन, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीला असलेले तमिळ गृहस्थ. दिवसा ऑफिस, संध्याकाळी देऊळ. संस्थेनं बाउन स्ट्रीटवर रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचं एक चर्च विकत घेतलं, आणि पुढे त्याच जागेवर भारतातून घडवून आणलेल्या ग्रॅनाइटच्या मूर्तींचं आगमशास्त्राप्रमाणे देऊळ उभं राहिलं. कुंभाभिषेकाचा मुहूर्त ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. पंचांगात तो कितपत होता आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना रजा न काढता येता येईल ह्यात कितपत, हे गणपतीला ठाऊक.

मराठी माणूस म्हणून कबूल करते, त्या देवळात पहिल्यांदा मला परकंच वाटलं. आपला गणपती म्हणजे शेंदरी, गोंडस, लोडाला टेकलेला. हा काळा, तेलानं तकतकीत, मांडीवर शक्ती घेऊन बसलेला वल्लभ गणपती. आरती म्हटली तर ‘सुखकर्ता’ नाही. झांजा नाहीत, नादस्वर. आपण टाळ्या वाजवायला हात वर करावेत आणि तोवर कापूर विझलेला असावा. उकडीच्या मोदकाला इथे कोळुक्कट्टै म्हणतात, हे कळल्यावर मात्र थोडी सोयरीक जुळली. शेजारी वेंकटेश्वर, शिव, षण्मुख, नवग्रह. एकाच छपराखाली इतके देव आपल्याकडे गावच्या देवळातही नसतात. इथे ते बसले, कारण वर्गणी देणारे आंध्राचे, तमिळनाडूचे, कर्नाटकाचे, गुजरातचे होते, आणि प्रत्येकाला आपला देव हवा होता. भक्तीपेक्षा हा समितीच्या बैठकीचा महिमा असावा असं मला वाटतं, आणि मी हे कौतुकानं म्हणते. पुढे कारभार कोणी पाहायचा ह्यावरून मंडळी कोर्टातही गेली. महाराष्ट्र मंडळाच्या निवडणुका पाहिलेल्यांना त्याचं नवल वाटू नये. कित्येक वर्षं देवळाचा कारभार सांभाळणाऱ्या डॉ. उमा मैसूरकर ह्यांच्या आडनावातला ‘कर’ ऐकून मी एकदा उगाच हरखले होते, त्या कर्नाटकातल्या.

एका जानेवारीत नवऱ्याच्या ऑपरेशनच्या आधी मी अभिषेक करायला गेले. बाहेर घोटाभर बर्फ. जोडे ठेवायच्या जागी चपला नव्हत्याच, नुसते ओथंबलेले बूट, आणि त्यांच्यातून वितळलेल्या पाण्याचे ओघळ. मोजे ओले झाले म्हणून मी तेही काढले. आत पुजारी उघड्या अंगानं, धोतरात, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. हीटरचा घूंऽऽ आवाज आणि त्यावर मंत्र.

“गोत्र?”

सांगितलं.

“नक्षत्र?”

आता आली पंचाईत. आपल्याकडे रास माहीत असते. तूळ, म्हटलं. त्यांनी मान हलवली, नक्षत्र हवं. मी कोपऱ्यात जाऊन आईला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं चालली होती. “विशाखा,” ती म्हणाली. “आत्ता कशाला हवंय? लग्न करतेयस का कुणाचं?”

परत येऊन बसले. पुजाऱ्यांनी संकल्प सुरू केला, आणि मी सवयीनं गोदावरीची वाट पाहत राहिले. ती आलीच नाही. ‘क्रौंचद्वीपे’, ते म्हणाले. ‘रमणकवर्षे, ऐंद्रखंडे’. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नंतर, तीर्थ घेताना विचारलं. त्यांनी हिंदी-इंग्रजीची खिचडी करत सांगितलं, “अम्मा, जिथे बसलोय तिथलंच नाव घ्यायचं. नाहीतर देवाला कळणार कसं, कुठून बोलताय?”

पुराणांतल्या सात द्वीपांपैकी एक क्रौंच. ते म्हणजेच अमेरिका, हे कोणी ठरवलं आणि कशावरून, ह्यात भूगोलाच्या शिक्षकानं न शिरलेलं बरं. पण इथल्या पुष्कळ देवळांत आता हाच संकल्प सांगतात. कुणीतरी केव्हातरी बसून विचार केला की ह्या जागेला संस्कृतात पत्ता लागेल. मला त्या विचारातलं धाडस आवडलं. आम्ही घरी पंचवीस वर्षं देवाला खोटा पत्ता देत होतो.

मग त्यांनी मूर्तीच्या पायाशी बोट दाखवलं. मूर्ती जिथे पीठावर बसते तिथे सांध्यात काळपट लेप होता, दगडासारखा घट्ट. अष्टबंधन. लाख, राळ, मेण, काव, लोणी अशा आठ जिनसा कुटून, मळून त्याचा गोळा करतात. ताजा असतो तेव्हा कणकेसारखा मऊ, नंतर असा आवळतो की मूर्ती आणि पीठ एकजीव. आपल्याकडे देवाच्या मूर्तीची झीज थांबवायला वज्रलेप करतात, तो वेगळा. हा सांधणारा लेप. साधारण बारा वर्षांनी तो पुन्हा भरायचा, पुन्हा कुंभाभिषेक करायचा. २००९ साली देवळाचं मोठं नूतनीकरण होऊन असाच कुंभाभिषेक झाला.

चल मूर्ती आणि अचल मूर्ती हे शब्द मी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकले होते. देव्हाऱ्यातले देव चल, देवळातला देव अचल. भाद्रपदातला पार्थिव गणपती तर चलांतला चल. उत्तरपूजेला अक्षता वाहून ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणायचं आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. तेवढ्या हलवण्यानं देव निघाला. लहानपणी मी त्या क्षणाला डोळे मिटून घ्यायची. आजोबांची दोन बोटं पाटाला लागायची आणि तळहाताएवढ्या अंतरात घरातला पाहुणा परका व्हायचा.

त्या दिवशी अनवाणी पायांना फरशीचा गारवा लागत असताना मला उमगलं, की १९७७ साली ह्या लोकांनी नेमकं काय केलं. पाच वर्षांत परत जायचंय म्हणणारा माणूस घर भाड्यानं घेतो, फर्निचर जुनं घेतो, देव खोक्यात ठेवतो. सगळं उचलता येण्यासारखं हवं. आणि इथे हे लोक काही टनांचा दगड समुद्रापार आणतात आणि आठ जिनसांचा लेप लावून तो जमिनीला जखडून टाकतात. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की रोज पूजा व्हायलाच हवी. सुट्टी नाही, बर्फाचं वादळ नाही, ‘यंदा आम्ही भारतात जातोय’ नाही. ज्यानं अचल मूर्ती बसवली त्याला परत जाण्याची गोष्ट पुन्हा कधी सरळ तोंडानं करता येत नाही. नागरिकत्वाचे कागद कोणी कधी घेतले ते ज्याचं त्याला ठाऊक, पण माझ्या मते ह्या लोकांची खरी शपथ त्या लेपात आहे.

आम्ही मराठी मंडळींनी मात्र इथे काय रुजवलं, तर गणेशोत्सव. शाळेचा हॉल दिवसाच्या भाड्यानं, लेझीम, नाटक, पुरणपोळी, आणि मूर्ती कुणाच्या तरी गराजमध्ये पुढच्या वर्षापर्यंत. मी ह्याला हसत नाही. मी ह्याच हॉलांत पंधरा वर्षं खुर्च्या मांडल्या आहेत. पाहुणा म्हणून देवाला बोलावणं, त्याचे लाड करणं आणि तो जाताना रडणं, ह्या आमच्या रीतीला दुसरी कुठली रीत येणार नाही. पण ह्या रीतीमुळे आम्हांला आमचं खोकं पंचवीस वर्षं सोयीचं पडलं, हेही खरंच.

एप्रिल २०२२मध्ये शहरानं देवळासमोरच्या रस्त्याला ‘गणेश टेंपल स्ट्रीट’ हे जोडनाव दिलं. खांबावर आता दोन पाट्या आहेत, वर-खाली. एक त्या हटवादी इंग्रजाची, ज्याला दुसऱ्यांना प्रार्थनेला जागा दिली म्हणून हाकललं होतं, आणि एक गणपतीची. मी तिथे उभी राहून फोटो काढत होते तेव्हा एक चिनी आजोबा भाजीची पिशवी घेऊन थांबले. मला वाटलं, पाटीविषयी काही विचारतील. त्यांनी विचारलं, “कँटीन उघडलं का?”

यंदाच्या चतुर्थीला खोकं काढलं. साडीची घडी आता घड्यांवरच फाटायला लागली आहे. लेकीनं रांगोळी काढली, नवऱ्यानं पाट मांडला, मी मोबाइलवरच्या गुरुजींना सुरू केलं. आचमन झालं, प्राणायाम झाला. ‘गोदावर्याः’ आलं तसा मी अंगठा उचलून पॉज दाबलं.

“काय झालं?” नवरा.

“इथे दुसरं काहीतरी म्हणायचं असतं.” मी क्रौंचद्वीपाचं सांगितलं. द्वीप झालं, वर्ष झालं, खंड झालं. मग लेक म्हणाली, “आणि नदी? गोदावरीच्या जागी कुठली? ईस्ट रिव्हर?” तिनं फोनवर शोधलं आणि हसायलाच लागली. ईस्ट रिव्हर ही मुळात नदीच नाही, समुद्राची सामुद्रधुनी आहे. नवरा म्हणाला, मग हडसन घ्या. हडसन तर मॅनहॅटनच्या पलीकडे, आपण तिच्या तीरावर कुठे? फ्लशिंग क्रीक? त्या पाण्याकडे पाहून कोणाला आचमन करावंसं वाटेल?

समईतली वात वाकडी होऊन तडतडायला लागली होती. हातातल्या पळीतलं पाणी तसंच होतं. गुरुजी पडद्यावर तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबले होते, आणि आम्ही तिघं नकाशावर आमच्या घराला जवळची नदी शोधत होतो.